किल्ला अजिंक्य, कोठार रिकामं

मामांच्या मते देवगिरी हा देशातला सगळ्यात हुशार किल्ला आहे. ताईच्या मते तो सगळ्यात जास्त वेळा फसलेला किल्ला आहे. दोघं एकाच वाटेनं चढतात, एकाच पायरीवर दम लागून बसतात, आणि दोघांचे पुरावेही बहुतेक वेळा तेच असतात. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. ताई कॉलेजात इतिहास शिकवते. मी दोघांच्या मधून पाण्याच्या बाटल्या घेऊन चालणारा. तेव्हा या लेखात काही शहाणपण असलंच तर ते त्यांचं, मधूनमधून नाक खुपसणं माझं.

वेरूळच्या रस्त्यानं जाताना हा डोंगर बऱ्याच लांबून दिसायला लागतो. सपाट मुलुखात एकटाच उभा, सुमारे २०० मीटर उंच, माथ्याकडे निमुळता. पण नजर खिळते ती खालच्या अंगावर. डोंगराचा उतार माणसांनी तासून काढला आहे. दीडशे फुटांहून उंच, भिंतीसारखा सरळ, चहूबाजूंनी. त्याच्या पायाशी कातळातच खोदलेला खंदक. सह्याद्रीतल्या गडांना कडे निसर्गानं दिले. इथे ते छिन्नीनं कमावलेले आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवांच्या पाचव्या भिल्लमानं इथे राजधानी आणली. पुढे खिलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम असे धनी बदलत गेले. १७६० साली, उदगीरच्या लढाईनंतर, थोड्या काळासाठी पेशव्यांचंही निशाण लागलं. एवढे हात बदललेल्या किल्ल्याला मामा अजिंक्य म्हणतात, तेव्हा ताईच्या कपाळावर आठी पडते. वाद तिथून सुरू होतो.

महाकोटाच्या पहिल्याच दरवाजात मामा थांबले. "हे बघ. दरवाजे एका रेषेत नाहीत. आत आलं की वळ, परत वळ. हत्तीला धाव घ्यायला जागाच ठेवली नाही. धाव नाही तर धडक नाही. आणि वर फळ्यांना हे खिळे. कुठला हत्ती डोकं लावील?"

"हत्तीनं हा दरवाजा फोडल्याची एखादी तरी नोंद आहे का, मामा?"

"नाही. म्हणजे रचना यशस्वी झाली."

"किंवा दरवाजा फोडायची कुणाला गरजच पडली नाही."

पुढचे तीन तास जे चाललं ते सगळं या दोन वाक्यांत होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

हत्ती हौदाशी मामांनी पावलांनी एक बाजू मोजली. हौद अवाढव्य आहे. सुमारे दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी त्यात मावतं असं सांगतात. पलीकडे देवळांचे खांब वापरून १३१८ च्या सुमारास उभारलेली मशीद आहे. तिच्यात आज भारतमातेची मूर्ती आहे आणि लोक त्या जागेला भारतमाता मंदिरच म्हणतात. त्या एका अंगणात सहाशे वर्षांचं राजकारण पडलेलं आहे, पण तिथं दोघांचंही काही भांडण झालं नाही. ताई खांबांवरची नक्षी बघत राहिली, मामा छताच्या शिळा किती लांबीच्या आहेत ते बघत राहिले. चांद मिनाराकडे तर दोघांनी उन्हाचं कारण सांगून वर पाहायचंही टाळलं.

खऱ्या वादाला तोंड फुटलं ते चिनी महालापाशी. आता तिथे चार भिंती उरल्यात आणि वर निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे. १६८७ मध्ये औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला आणि शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला इथे आणून ठेवलं. तो इथेच कैदेत मेला.

"मला विचाराल तर ही किल्ल्यातली सगळ्यात खरी इमारत आहे," ताई म्हणाली. "बाकी सगळा किल्ला माणसाला बाहेर ठेवायला बांधलेला. ही एकटी आत ठेवायला. आणि वापर झाला तो हिचाच. इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे येऊन गेला, त्यानंही या किल्ल्यातल्या तळघरांच्या तुरुंगाबद्दल लिहून ठेवलंय. इथले उंदीर मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना बघून पळतात म्हणे. म्हणजे प्रवाशाच्या लक्षात काय राहिलं? तट नाही, बुरूज नाही. कैद."

"प्रवाशाला चटकदार काहीतरी लागतंच. आजही लागतं," मामा म्हणाले. "आणि तुरुंग सुद्धा मजबूत जागीच करतात की. मोगलांनी तानाशाहाला इथेच का ठेवला? कारण इथून कुणी सोडवून नेणार नाही याची त्यांना खात्री होती. हे प्रशस्तिपत्रच झालं."

"कुणाला? किल्ल्याला की राजाला?"

"राजाचं मला काय? मी स्थापत्याबद्दल बोलतोय."

"तेच तर. तुम्ही राजाला काढून किल्ला बघता."

मामांनी उत्तर दिलं नाही. ते मेंढा तोफेच्या बुरुजाकडे चालू लागले. ती तोफ बघून कुणीही खूश होतं. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, वळलेली शिंगं, अंगावर कोरीव अक्षरं. किल्ले फोडणारी म्हणून तिचं फारसी नाव किल्लेशिकन. किल्ला फोडणारी तोफ किल्ल्यावरच कायमची बसून राहिली, यावर ताईला नक्कीच काहीतरी सुचलं असणार. पण ती गप्प राहिली, कारण मामा तोफेच्या खुंट्यावरून हात फिरवत होते आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

खंदकावर आता लोखंडी पूल आहे. खाली वाकून बघितलं की जुना दगडी पूल दिसतो, बराच खाली. मामांनी आम्हाला कठड्याशी उभं केलं.

"हा जो खालचा पूल आहे ना, तो नुसता पूल नाही. खंदकातल्या पाण्याची पातळी हवी तशी ठेवता येत होती. पाणी चढवलं की पूल बुडाला. शत्रू आला की पाण्याखाली, रसद आली की पाण्यावर. काय डोकं आहे बघ. आज आपण झडप लावू, मोटार लावू, आणि तीन वर्षांनी ती बंद पडेल."

"रसद आली की," ताई म्हणाली.

"हो."

"तुम्हीच म्हणालात. रसद आली की. आता १२९६ सालचं सांगा."

मला वाटतं ती याच वाक्याची वाट बघत होती. मामांना १२९६ माहीत नाही असं नाही, मराठवाड्यात ते कुणाला माहीत नाही? कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन, काही हजार घोडेस्वार घेऊन, दिल्लीच्या सुलतानाला, म्हणजे स्वतःच्या चुलत्याला न सांगता विंध्य ओलांडून आला. रामदेवरायाची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेली होती. राजा थोड्या माणसांनिशी बाहेर लढला, हरला आणि डोंगरावर चढला. घाईत गावातली पोती वर नेली. वेढा पडल्यावर पोती उघडली तर आत धान्याऐवजी मीठ. ही गोष्ट इतिहासकार फिरिश्त्यानं लिहिली आहे, घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, हे खरं. पण मिठाची पोती इतिहासात अशी रुतून बसली आहेत की कुणी हलवू शकत नाही.

"डोंगर तासायला किती वर्षं लागली असतील?" ताईनं विचारलं. "किती पाथरवट मेले असतील? आणि पोत्यात काय आहे हे एकानंही हात घालून पाहिलं नाही. हा तुमचा हुशार किल्ला."

"थांब. अर्धी गोष्ट सांगू नकोस. त्याच फिरिश्त्यानं पुढं काय लिहिलंय? किल्ला टिकला. किती दिवस टिकला? शंकरदेव फौज घेऊन परत येईपर्यंत टिकला! किल्ल्याचं काम काय असतं ग? युद्ध जिंकणं? नाही. वेळ काढणं. बाहेरची फौज येईपर्यंत आतल्या माणसाला जिवंत ठेवणं. ते यानं केलं. पोरगा आला, अलाउद्दीनला त्यानं जवळजवळ हरवलंच होतं. तेवढ्यात खिलजीची वेढ्यावर ठेवलेली तुकडी धूळ उडवत आली आणि आपल्या लोकांना वाटलं, दिल्लीची मोठी फौजच आली. पळापळ झाली. ती लढाई मैदानात हरली, डोंगरावर नाही. मैदानातल्या गोंधळाचं पाप माझ्या किल्ल्याच्या माथी मारू नकोस."

हा मुद्दा बिनतोड होता. ताईलाही तो पटला असावा, कारण ती जरा वेळ खंदकातल्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिली.

"बरं. मग किल्ला टिकला असतानाही राजानं खंडणी का दिली? मणांनी सोनं, मोती, वर एलिचपूरचा महसूल?"

"कारण वर खायला नव्हतं."

"म्हणजे फिरून मीठच."

"म्हणजे फिरून कोठीवाला," मामा म्हणाले. "अभियंता नाही."

अंधेरीच्या तोंडाशी गाइड भेटला. अंधेरी म्हणजे डोंगराच्या पोटातून वर जाणारा वळणावळणाचा भुयारी जिना. पायऱ्या मुद्दाम उंचसखल, वळणं फसवी, मधे एक झरोका असा की उजेड बघून माणूस तिकडे धावावा आणि थेट खंदकात पडावा. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण. त्यावर विस्तव पेटवला की सगळा धूर भुयारात. गाइडनं मशाल विझवली, क्षणभर पूर्ण काळोख, वटवाघळांचा उग्र वास. मग त्यानं उकळत्या तेलाचं वर्णन सुरू केलं. इथे शत्रू यायचा, तिथून तेल पडायचं, आपसातच एकमेकांना कापायचे. तो इतकं छान सांगत होता की मला एखादी किंकाळी ऐकू आल्यासारखं वाटलं.

ताई बाहेर आल्यावर म्हणाली, "या बोगद्यात लढाई झाल्याचं मी कुठंही वाचलेलं नाही. शत्रू इथवर कधी पोचलाच नाही. आणि तरीही जवळजवळ प्रत्येक वेळी किल्ला गेला. सगळ्यात अवघड कुलूप ज्या दाराला लावलं, त्या दारानं कुणी आलंच नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटी मलिक अहमदनं काय केलं आठवा. त्यानं इथून दूर अहमदनगर वसवलं आणि सुगीला देवगिरीच्या मुलुखात फौज पाठवायला लागला. पिकं उभी असताना. अंधेरीशी झुंजला नाही, ज्वारीशी झुंजला. किल्लेदार मेल्यावर १४९९ मध्ये किल्ल्या त्याच्या हातात आल्या."

"आणि १३४६?" मामा म्हणाले.

ताई हसली. तिला ठाऊक होतं की हे येणार.

मामांचा हा हुकमाचा एक्का आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. इसामी नावाच्या कवीनं लिहून ठेवलंय की त्या प्रवासाला त्याच्या नव्वद वर्षांच्या आजोबांना घराबाहेर काढलं आणि ते दिल्लीपासून पहिल्या मुक्कामाच्या आतबाहेरच गेले. तो इसामी पुढे याच दौलताबादेत राहिला आणि इथेच त्यानं सुलतानाला शिव्यांची लाखोली वाहणारा आपला ग्रंथ १३५० मध्ये पुरा केला. जवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनतो, तो हुन्नरही तुघलकाबरोबर आल्याचं तिथले लोक सांगतात. तर असा हा सुलतान. त्याच्याविरुद्ध दख्खनच्या सरदारांनी बंड केलं आणि त्याचाच किल्ला बळकावला. तुघलक स्वतः चालून आला. मैदानात त्यानं बंडखोरांना हरवलं. ते डोंगरावर चढले. सुलतान खाली महिनोन्महिने बसून राहिला आणि शेवटी गुजरातेत दुसरं बंड उठलं म्हणून निघून गेला. १३४७ मध्ये याच दौलताबादेत हसन गंगू गादीवर बसला आणि बहामनी राज्य सुरू झालं.

"ज्यानं किल्ल्यावर एवढा खर्च केला, त्याच्याच तोंडावर तो बंद झाला," मामा म्हणाले. "दक्षिणेचा इतिहास बदलला. त्या वेळी हा डोंगर तासलेला नसता तर? आणि आणखी एक सांगू का? किल्ला किती वेळा पडला ते तू मोजतेस. जे आलेच नाहीत त्यांना कोण मोजणार? लांबून हा कडा बघितला, मान हलवली आणि घोडा फिरवला, अशांची बखर कोण लिहितं? पूल पडला की पेपरात येतो. न पडलेल्या पुलांची बातमी कधी वाचलीस?"

मी मनातल्या मनात मामांच्या बाजूला गेलो. इतिहासात झालेल्या गोष्टी असतात. टळलेल्यांना तिथे जागा नसते, आणि किल्ल्याचं निम्मं आयुष्य टळलेल्या गोष्टींतच जातं. ताईनंही मान डोलावली. पण ती इतिहासाची बाई; मान डोलावून सोडून देणाऱ्यातली नाही.

"मान्य. एकदा टिकला. पण टिकला तेव्हा आत काय होतं? भरलेली कोठारं. तुघलकाच्याच पैशानं भरलेली असणार. आणि बाहेर काय होतं? गुजरातचं बंड. म्हणजे मामा, दोन्ही वेळा निकाल भिंतीनं लावलाच नाही. भिंत तीच होती."

बारादरीत वारा होता. शाहजहानच्या भेटीसाठी १६३६ मध्ये बांधलेली ही इमारत. तिच्या कमानीतून खाली बघितलं की तिन्ही कोट एकात एक दिसतात: बाहेर अंबरकोट, मग महाकोट, मग डोंगराला भिडलेला काळाकोट. नकाशावर कळत नाही ते इथून कळतं. सामान्य रयत सगळ्यात बाहेर, राजा सगळ्यात आत.

"१६३३," ताई म्हणाली आणि बोटानं दाखवत गेली. "महाबतखान तिकडून आला. मलिक अंबर मरून सात वर्षं झाली होती, त्याचा मुलगा फत्तेखान आत. बाहेरून विजापूरची फौज आणि शहाजीराजे रसद आत पोचवायची धडपड करत होते. मोगलांनी सुरुंग लावून अंबरकोट उडवला. मग महाकोट. उपासमार तर होतीच. आणि मग फत्तेखानानं मोठी रक्कम घेऊन किल्ल्या दिल्या. सगळ्यात आतला कोट लढलाच नाही. सगळ्यात बाहेरचे लोक आधी मेले, सगळ्यात आतल्या माणसानं पैसे घेतले."

"म्हणजे वरचा डोंगर मोगलांनाही घेता आला नाही," मामा शांतपणे म्हणाले.

"हेच मी म्हणतेय!"

"मी पण हेच म्हणतोय."

दोघंही एकदम हसले. बाजूला बसलेल्या एका कुटुंबानं डबा उघडता उघडता आमच्याकडे वळून बघितलं. मग हसू ओसरल्यावर ताई बोलली ते निराळ्या सुरात.

"याच किल्ल्यावर १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांना निजामशहानं दरबारात बोलावून मारलं. दोन मुलं आणि नातू त्यांच्याबरोबर गेले. जिजाऊंचा बाप, भाऊ, भाचा. शिवनेरीवर तेव्हा शिवाजीराजे त्यांच्या पोटात होते. मला नेहमी वाटतं की या किल्ल्याचा धडा त्या घरात कुणीतरी नीट वाचला. पुढे महाराजांच्या गडावर बघा. एका माणसाच्या हातात किल्ल्या नाहीत. हवालदार, सबनीस, सरनोबत, सगळे एकाच जातीचे नाहीत, एकमेकांवर नजर. फत्तेखानासारखं एकट्याला विकताच येऊ नये. आणि एक दौलताबाद बांधायच्या ऐवजी शेकड्यांनी गड. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन टाकले, बारा ठेवले. रामदेवरायाला एवढंसं तरी देता आलं असतं का? त्याच्याकडे द्यायला एकच होता."

"तेवीस किल्ले मोगलांच्या मिर्झाराजानं मागून घेतले ना? मग किल्ल्यांना किंमत होतीच."

"होती. पण सोडण्याइतकी कमी होती. म्हणून तर ते परत घेता आले."

"हा धडा तिथून घेतला याला पुरावा?"

"पुरावा नाही. अंदाज आहे."

"मग मी लिहून घेत नाही," मामा म्हणाले, आणि तिकिटाच्या पाठीमागे काहीतरी आकडे लिहायला लागले. मला आधी वाटलं, रागावले. पण ते हिशोब करत होते.

हा हिशोब इथे पूर्ण देतो, कारण माझ्या मते त्या दिवसाची खरी कमाई तीच. मामा म्हणाले, वरच्या बालेकिल्ल्यावर दोन हजार माणसं धर. वेढ्यात माणशी अर्धा किलो ज्वारी. दिवसाला एक टन. महिन्याला तीस टन. ज्वारीचा एक घनमीटर साधारण पाऊण टन भरतो. म्हणजे महिन्याला चाळीस घनमीटर जागा. त्यांनी खोलीची मापं काढली: चार मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर उंच.

"बाळ," ते ताईला म्हणाले, "ही तर आमच्या वाड्यातल्या माजघराएवढी खोली झाली. फार तर दोन. सहा महिन्यांची बेगमी करायची तर अशा सहा खोल्या. आमच्या गावात ज्वारीची पेवं होती, एकेका पेवात कितीतरी पोती जायची, सगळी गावकऱ्यांनी हातानं खणलेली. इथं या लोकांनी अख्खा डोंगर तासला, खंदक खोदला, भुयार पोखरलं. आणि सहा खोल्या भरून ठेवल्या नाहीत?"

त्यांचा आवाज चढला होता. आत्तापर्यंत किल्ल्याची बाजू लढवणारा माणूस एकदम किल्ल्यावर चिडला होता. चिडायचं कारणही अभियंत्याचंच होतं: अवघड काम अचूक झालं आणि सोपं काम राहून गेलं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

ताईनं यावर विजयी चेहरा करायला हरकत नव्हती. तिनं उलटं केलं. "मामा, सहा खोल्या बांधणं सोपं. दर वर्षी भरणं अवघड. डोंगर एकदा तासला की तासला. ज्वारीला कीड लागते, उंदीर लागतात, ते मांजराएवढे. जुनी काढ, नवी भर, मोज, सही कर. वीस वर्षं शत्रू आला नाही की एकविसाव्या वर्षी कोण भरतं? कारभाऱ्याला तो खर्च फुकटचा वाटतो. तुमच्या खात्यात नवीन पुलाला पैसे मिळायचे की जुन्याच्या देखभालीला?"

"देखभालीला कधीच नाही," मामा लगेच म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीचं दुखणं त्या तीन शब्दांत आलं.

माथ्याजवळ जनार्दनस्वामींची समाधी आहे. संत एकनाथांचे हे गुरू सोळाव्या शतकात याच किल्ल्याचे अधिकारी होते. पैठणहून बालवयात आलेले एकनाथ त्यांच्याकडे राहिले, आणि हिशोबातली एका पैची चूक शोधायला रात्रभर जागले, ती सापडल्यावर आनंदानं ओरडले, ही कथा आपल्याकडे लहानपणीच सांगतात. स्वामी समाधीत असताना शत्रू आला आणि नाथांनी गुरूचं चिलखत चढवून लढाई दिली, अशीही कथा आहे. मला गुरुभक्तीच्या या दोन्ही कथांमधली पहिली जास्त आवडते आणि त्या दिवशी तिचं कारण कळलं. देवगिरीवर चिलखत घालणारे पुष्कळ होऊन गेले. एका पैसाठी रात्रभर दिवा जाळणारा एकच ऐकिवात आहे. मामांनी समाधीपुढे हात जोडले आणि म्हणाले, "हा माणूस १२९६ ला कोठीवर पाहिजे होता."

उतरताना काळ्याकोटाच्या दाराशी शाळेची सहल भेटली. गाइड दुसरा, पण तेल तेच, उकळतंच होतं. मामांना राहवलं नाही. त्यांनी गुरुजींची परवानगी घेतली आणि पायरीवर बसून मुलांना खोलीचा हिशोब सांगितला. दोन हजार माणसं, अर्धा किलो, एक टन. मुलं बोटांवर गुणाकार करायला लागली. तेलापेक्षा हिशोबात मुलं जास्त रमली हे बघून ताई माझ्याकडे बघून भुवया उडवत होती.

मागच्या रांगेतल्या एका पोरानं हात वर केला. गणवेशाची बाही फाटलेली, बहुधा शेतकऱ्याचा मुलगा असावा; कारण प्रश्न शहरी मुलाला सुचेल असा नव्हता.

"आणि घोड्यांची वैरण?"

मामा गप्प झाले. वैरण किती जागा खाते हे त्यांना गावाकडचं माहीत. कडब्याची गंज घराएवढी असते आणि चार जनावरांना वर्षभर पुरत नाही. चाळीस घनमीटर कुठल्या कुठे उडाले.

"घोडी वर येत नव्हती रे," ते विचार करत म्हणाले. "अंधेरीतून घोडा चढेल का? घोडी खाली महाकोटात."

"म्हणजे माणसं वर आन् घोडी खाली?"

"हो."

"मग वरची माणसं पळणार कशी?"

गुरुजी हसले, मुलं हसली. ताई हसली नाही. ती पोराकडे असं बघत होती की पुढच्या वर्षी तो तिच्या वर्गात असावा.

"पळायचं नाहीच," मामा म्हणाले. "वर चढायचं ते थांबायला."

"आणि थांबून?" ताईनं विचारलं.

"थांबून वाट बघायची."

"कुणाची?"

मामा काही बोलणार तेवढ्यात गुरुजींनी शिट्टी मारली आणि मुलं खंदकाच्या पुलाकडे धावत सुटली. मामा उठले, पँटची धूळ झटकली आणि त्या पोराच्या मागोमाग चालू लागले. ते त्याला विचारत होते, तुमच्याकडे एका बैलजोडीला दिवसाला किती पेंढ्या लागतात.